फ्रेशर्स वीक: माप, राउंड आणि रात्री खोलीवर पोचणं

महाराष्ट्रात कायद्यानं बिअर-वाइनसाठी 21 वर्षं पूर्ण लागतात, बाकी दारूसाठी 25. शिवाय परमिट लागतं: विदेशी मद्याचं एका दिवसाचं 5 रुपयांना, वर्षाचं 100 ला, आजन्म 1000 ला. अशा राज्यातून निघालेली मुलं-मुली सप्टेंबरात शिकायला ब्रिटनमध्ये लीड्स, शेफील्ड, ग्लासगो किंवा लंडनला उतरतात, आणि तिथे 18 पूर्ण असले की पबचं दार उघडं असतं. त्यात तो आठवडाही असा, की वर्ग सुरू झालेले नसतात, कुणी कुणाला ओळखत नसतं आणि रोज रात्री कुठे ना कुठे पार्टी असते. इंग्लंड-वेल्समध्ये नव्या विद्यार्थ्यांचा हा पहिला आठवडा, म्हणजे फ्रेशर्स वीक, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो, स्कॉटलंडमध्ये थोडा आधी. काही वर्षी आपलं नवरात्र याच सुमाराला येतं, म्हणजे काहींचे उपवासही चालू असतात.

हे लिहिणारे आम्ही ब्रिटनमधल्या वेगवेगळ्या विद्यापीठांत शिकलो आणि नंतर स्टुडंट्स युनियनच्या (विद्यार्थी संघटनेच्या) वेलकम क्रूमध्ये, म्हणजे नव्यांना मदत करणाऱ्या गटात, रात्रीच्या पाळ्या केल्या. प्यावं की न प्यावं हे ज्याचं त्यानं ठरवावं. मात्र त्या संध्याकाळी कशा चालतात हे आधी माहीत असलं, तर पिणाऱ्याला आपलं माप सांभाळता येतं आणि न पिणाऱ्यालाही त्याच टेबलावर निवांत बसता येतं. ठाऊक नसेल तर माणूस इतरांच्या वेगानं ओढला जातो. पहिल्या पंधरा दिवसांतली बहुतेक प्रकरणं अशीच बिघडतात.

पोचल्यावर लगेच

पहिलं काम ओळखपत्राचं. तिथे ‘चॅलेंज 25’ पाळतात: पंचविशीच्या आतले दिसलात तर वयाचा पुरावा मागणार. विद्यापीठाचं कार्ड त्यासाठी चालत नाही. मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाही आणि आधार कार्डाचा तर काहीच उपयोग नाही. चालतो तो पासपोर्ट, ब्रिटनचं ड्रायव्हिंग लायसन्स (शिकाऊसुद्धा) किंवा ‘पास’ होलोग्रामचं वयाचं कार्ड. भारतीय पासपोर्ट खिशात घालून क्लबात जाणं हा या आठवड्यातला सगळ्यात महागडा धोका आहे. तो हरवला तर पोलिसांत नोंद, उच्चायुक्तालयाची प्रक्रिया, फी आणि कित्येक आठवडे हाताशी पासपोर्ट नाही. ‘पास’ कार्ड यायला वेळ लागतो, म्हणून पोचल्या आठवड्यातच अर्ज करा. तोवर पासपोर्ट न्यावाच लागला तर आतल्या चेनच्या खिशात ठेवा, कोटाच्या खिशात नको. क्लबातले कोट एकसारखे काळे असतात आणि अदलाबदल होतेच.

दुसरं, मनगटी पट्टे. आठवडाभराच्या पार्ट्यांचे पट्टे जुलै-ऑगस्टपासून समाजमाध्यमांवर विकले जातात. पानावर विद्यापीठाचं नाव असतं, रंगही तेच असतात, पण विकणारा भलताच कुणी. युनियनच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दुवा असेल तरच पैसे भरा. खऱ्या पट्ट्याचीही घाई नको, कारण एकेका रात्रीचं तिकीट बहुतेक ठिकाणी वेगळं मिळतं. तिसऱ्या रात्री पाय इतके दुखतात की पुढच्या पार्ट्या आपोआप सुटतात.

तिसरं काम कंटाळवाणं आहे, पण याच आठवड्यात करावं: जवळच्या जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) दवाखान्यात नाव नोंदवणं आणि मेनएसीडब्ल्यूवाय ही मेंदूज्वराची लस घेतली नसेल तर मागणं. वयाच्या पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत ती तिथे मोफत मिळते. दारूच्या लेखात ही लस का, ते पुढे येईल.

मापं

ब्रिटनमध्ये दारू ‘युनिट’मध्ये मोजतात. एक युनिट म्हणजे 10 मिली शुद्ध अल्कोहोल. हिशेब सोपा आहे: पेयाचे मिली गुणिले बाटलीवरचा टक्का, भागिले 1000. पाइंट म्हणजे 568 मिली, म्हणून 4 टक्क्यांच्या बिअरचा पाइंट 2.3 युनिट आणि 5 टक्क्यांचा 2.8. वाइनचा मोठा ग्लास 250 मिली, 13 टक्क्यांनी 3.25. व्होडका-व्हिस्कीचं ‘सिंगल’ 25 मिलीचं, 40 टक्क्यांनी बरोबर 1 युनिट. काही पबांत सिंगल 35 मिलीचं असतं, ते बारच्या मागे पाटीवर लिहिलेलं असतं.

आपल्याकडचा लहान पेग 30 मिलीचा, मोठा 60 चा, आणि भारतीय व्हिस्की 42.8 टक्क्यांची. म्हणजे मोठा पेग साधारण 2.6 युनिट. इथेच आपली मुलं फसतात. तिथलं 25 मिलीचं सिंगल त्यांना चमचाभर वाटतं म्हणून ती सरळ डबल सांगतात, आणि ‘बिअर म्हणजे काय दारू नाही’ असं म्हणत चार पाइंट रिचवतात. 5 टक्क्यांचा एक पाइंट मोठ्या पेगाहून जास्त भरतो. चार पाइंट म्हणजे सव्वाअकरा युनिट, क्वार्टरच्या जवळजवळ दीडपट. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 7.7 युनिट असतात.

सायडर हा आणखी एक सापळा. सफरचंदाचं, गोड, थंडगार, सरबतासारखं उतरतं. पण कडक सायडर 7.5 टक्क्यांपर्यंत असतं आणि त्याच्या 500 मिलीच्या कॅनमध्ये पावणेचार युनिट असतात. ‘स्नेकबाइट’ म्हणजे अर्धी लागर (फिकट बिअर), अर्धं सायडर, वर ब्लॅककरंट या फळाचं सरबत. विद्यार्थ्यांच्या बारमध्ये ते स्वस्त असतं आणि चढलंय हे उशिरा कळतं. ‘यॅगरबॉम्ब’मध्ये दारू फार नसते, 25 मिली, 35 टक्के. पण ती एनर्जी ड्रिंकमध्ये बुडवलेली असते. कॅफिननं झोप उडते, दारू तेवढीच राहते, आणि थांबायची खूण हरवल्यामुळे माणूस आणखी दोन तास पीत राहतो.

तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा 2016 पासूनचा सल्ला असा, की आठवड्याला 14 युनिटांच्या वर जाऊ नये आणि तीही तीन किंवा अधिक दिवसांत विभागावी. यकृत तासाला साधारण एकच युनिट निकाली काढतं. थंड पाण्याची अंघोळ, काळी कॉफी, लिंबू, ताक यांनी तो वेग वाढत नाही. समजा रात्री आठला सुरुवात करून साडेचार टक्क्यांचे दोन पाइंट, वाइनचा एक मोठा ग्लास आणि एक यॅगरबॉम्ब झाला. ही सव्वानऊच्या आसपास युनिटं, म्हणजे पहाटे पाच-सहापर्यंत रक्तात. सकाळी नऊच्या इंडक्शनला (ओळखवर्गाला) डोकं जड असतं ते यामुळे.

राउंड

पबमध्ये टेबलावर वेटर येत नाही. आपण बारपाशी जायचं, रांग दिसत नसली तरी आपल्या आधी कोण आलंय ते लक्षात ठेवायचं, सांगायचं, तिथल्या तिथे कार्ड टेकवून पैसे द्यायचे. टीप द्यायची पद्धत नाही. काही मोठ्या साखळी पबांमध्ये ॲपवरून टेबलापर्यंत मागवता येतं. लाजऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यात ते बरं पडतं, कारण कुणी काय मागवलं हे दुसऱ्याला दिसत नाही.

आता राउंड. सहाजण बसले की एकजण उठतो आणि सगळ्यांसाठी आणतो. मग दुसरा, मग तिसरा. फुकट घेऊन स्वतःचा राउंड चुकवणारा माणूस तिथे पक्का लक्षात राहतो, हे खरं. पण त्याची दुसरी बाजू अशी, की सहाच्या राउंडात शिरलात तर सहा पाइंट तुमच्यासमोर येणार, आणि तेही सगळ्यात वेगानं पिणाऱ्याच्या गतीनं. पाइंटला पाच-सहा पौंड धरले तर तीस-पस्तीस पौंड एका बैठकीत गेले. आठवड्याच्या किराण्याचे पैसे झाले हे.

यातून सुटायच्या वाटा सुरुवातीलाच घ्यायच्या असतात, मध्येच नाही. बसतानाच ‘मी माझं माझं घेतो’ म्हणा. कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. किंवा दोघा-तिघांचाच छोटा राउंड करा. किंवा पहिला राउंड स्वतः आणा आणि नंतर कुणी विचारलं की अर्धा पाइंट नाहीतर लाइम-सोडा सांगा. पैशाचा हिशेब तुमच्या बाजूनं चुकता झालेला असतो, त्यामुळे संकोच राहत नाही. ‘शँडी’ म्हणजे अर्धी बिअर, अर्धं लेमोनेड. एका पाइंटात साधारण एक-सव्वा युनिट. ती मागायला कसलीही लाज नाही. नको असेल तेव्हा ‘आय ऍम ऑलराइट, थँक्स’ एवढं पुरतं. कारण देऊ नका. कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते.

न पिणाऱ्यांनी हातात भरलेला ग्लास ठेवावा. रिकाम्या हाताकडे लोकांचं लक्ष जातं, भरल्या ग्लासात काय आहे हे कुणी बघत नाही. लाइम-सोडा सगळीकडे मिळतो आणि सगळ्यात स्वस्त पडतो. साधं नळाचं पाणी परवाना असलेल्या जागांनी मागितलं तर फुकट द्यावं लागतं, तो परवान्याच्या अटींचाच भाग आहे. धर्मामुळे किंवा व्रतामुळे अजिबात चालत नसेल तर ‘अल्कोहोल-फ्री’ बिअरचं लेबल वाचा. बऱ्याच बाटल्यांत 0.5 टक्का असतो, 0.0 लिहिलेल्या वेगळ्या.

शाकाहाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हाताच्या पंपानं ओढून देतात ती पारंपरिक ‘कास्क एल’ बिअर पुष्कळदा माशाच्या पिशवीपासून केलेल्या पदार्थानं नितळ करतात; बारवर विचारलं तर सांगतात. आणि बारच्या मागे पाकिटांत टांगलेलं कुरकुरीत ‘पोर्क स्क्रॅचिंग्ज’ म्हणजे डुकराची तळलेली कातडी. चकणा म्हणून हात घालण्याआधी पाकीट वाचा. खारे शेंगदाणे असतातच.

प्रीज

खरी पिण्याची जागा पब नाही, हॉलमधल्या (वसतिगृहातल्या) फ्लॅटचं स्वयंपाकघर आहे. क्लबात दारू महाग, म्हणून मुलं आधी स्वयंपाकघरात पिऊन निघतात. याला प्री-ड्रिंक्स किंवा प्रीज म्हणतात. साधारण आठला सुरू, साडेदहाच्या सुमाराला बाहेर. आम्ही पाहिलेल्या बहुतेक वाईट रात्री इथेच बिघडल्या होत्या, क्लब नंतरचा.

याचं कारण मापात आहे. पबमध्ये 25 मिली मोजून देतात. इथे चहाच्या मगात कुणीतरी अंदाजानं ओततं. तो अंदाज सहज 75 ते 100 मिलीचा असतो, म्हणजे व्होडकाची तीन ते चार युनिटं, वर कोला. असे तीन मग म्हणजे दहाच्या आसपास युनिटं. पिणाऱ्याच्या मते मात्र तो ‘तीन ड्रिंक’ प्यालेला असतो. व्होडकाची 700 मिलीची बाटली 37.5 टक्क्यांची असली तरी तिच्यात 26 युनिटं असतात. चौघांत ती संपली तर प्रत्येकी साडेसहा, आणि अजून क्लब बाकी आहे. स्कॉटलंडमध्ये दर युनिटला किमान 65 पेन्स किंमत कायद्यानं ठरली आहे, म्हणून तीच बाटली तिथे 17 पौंडांच्या खाली मिळत नाही, आणि रात्री दहानंतर दुकानात दारू विकतच नाहीत. त्यामुळे तिथे मुलं दहाच्या आत घाईघाईनं जास्तीची आणून ठेवतात आणि आणलेली संपवतात.

उपाय साधा आहे: मोजून ओता. घरून आणलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचं झाकण असतं, त्यावर 5, 10 च्या रेघा असतात. ते धुऊन वापरा. आपला मग आपणच भरा. आणि जेवून बसा. वरण-भात, पोळी-भाजी, पास्ता, काहीही चालेल, पण पोटभर आणि आधी. अन्नामुळे दारू आतड्यात सावकाश उतरते. उपाशीपोटी प्यायलेली व्होडका, त्यात फसफसणारा सोडा, हे सगळ्यात जलद चढतं. नवरात्राचा उपवास असेल तर त्या दिवशी पिऊच नका. फराळाच्या खिचडीवर दोन पेग झालेली माणसं आम्ही जिन्यात बसलेली पाहिली आहेत.

‘रिंग ऑफ फायर’ हा पत्त्यांचा खेळ जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकघरात होतो. मध्ये एक मोठा पेला, भोवती पत्ते, प्रत्येक पत्त्याला नियम, आणि राजा निघाला की आपल्या ग्लासातलं त्या पेल्यात ओतायचं. चौथा राजा ज्याला येईल त्यानं तो मिसळलेला पेला संपवायचा. हा खेळ पाण्यावर, सरबतावर खेळता येतो आणि तितकाच हसवतो. त्या शेवटच्या पेल्याला मात्र नकार द्या. बिअर, वाइन, व्होडका यांचं ते मिश्रण किती युनिटांचं आहे हे टेबलावरच्या कुणालाच माहीत नसतं.

सगळ्यात घातक क्षण निघतानाचा. ‘टॅक्सी आली, संपवा’ अशी हाक येते आणि सगळे उरलेला ग्लास एका दमात घशाखाली घालतात. दारूचा अंमल पूर्ण चढायला अर्धा ते दीड तास लागतो. म्हणजे स्वयंपाकघरात घेतलेला तो घोट क्लबच्या रांगेत, थंडीत, दारापाशी चढतो. दारावरचा माणूस पाय लटपटताना बघून आत सोडत नाही, कारण झिंगलेल्याला दारू विकणं हा इंग्लंड-वेल्समध्ये 2003 च्या परवाना कायद्यानुसार गुन्हा आहे. मग ज्याचं तिकीट वाया गेलं तो एकटाच परत निघतो. रात्रीचा सगळा धोका या एकट्या परतीत साठलेला असतो. ग्लास उरला तर मोरीत ओता. आणि कुणाला दारावर अडवलं तर एकानं त्याच्याबरोबर परतायचं, हे निघण्याआधीच ठरवा.

क्लब आणि परत

क्लबात ग्लास हातातून सोडू नका. सोडलात तर परत उचलू नका, नवा घ्या. पेयात काहीतरी मिसळण्याचे प्रकार होतात. 2021 च्या शरद ऋतूत ब्रिटनभर विद्यार्थ्यांनी याविरुद्ध क्लबांवर बहिष्काराच्या रात्री पाळल्या, तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी ग्लासाची झाकणं मागून मिळतात. प्यालेल्या प्रमाणाच्या मानानं कुणी फारच लवकर ढेपाळलं, तर ‘याला सवय नाही’ म्हणून हसू नका. बारवाल्याला किंवा दारावरच्या माणसाला सांगा. कुणी अंगचटीला येत असेल, सुटता येत नसेल, तर बारवर जाऊन ‘अँजेला आहे का?’ असं विचारायचं. ही खूण 2016 मध्ये लिंकनशरमध्ये सुरू झाली आणि आता देशभर चालते. शुद्धीवर नसलेल्या माणसाची संमती ही संमती नसते, कायद्यानंही नाही. हे मुलांनी विशेष लक्षात ठेवावं.

‘लाफिंग गॅस’चे फुगे रस्त्यावर सर्रास दिसतात. नायट्रस ऑक्साइड 8 नोव्हेंबर 2023 पासून तिथे ‘क’ वर्गातला अमली पदार्थ आहे, नशेसाठी जवळ बाळगणं गुन्हा. गांजा ‘ब’ वर्गात. गुन्हा सिद्ध झाला किंवा पोलिसांनी नुसता ‘कॉशन’ (नोंदवलेली ताकीद) दिला तरी पुढच्या व्हिसाच्या अर्जात तो लिहावा लागतो. स्थानिक मित्राची चूक एका रात्रीत संपते, तुमची संपत नाही, एवढा फरक धरून वागा.

परतायचं कसं हे संध्याकाळी सातला ठरवायचं. शेवटची बस किती वाजता, रात्रीची बस कुठून, हॉलच्या चोवीस तासांच्या सुरक्षारक्षकाचा नंबर, आणि पोस्टकोडसह पत्ता एका कागदावर, कारण फोनची बॅटरी संपते. काळी टॅक्सी रस्त्यावर हात करून थांबवता येते. बाकीच्या खासगी टॅक्सी आधी बुक केलेल्याच घ्यायच्या. क्लबबाहेर ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत येणाऱ्याच्या गाडीत बसू नका. भाड्याची ई-स्कूटर हे कायद्याच्या दृष्टीनं मोटार वाहन आहे, पिऊन चालवलीत तर मोटार चालवल्याचीच कलमं लागतात.

नदीकाठानं चालत जाऊ नका. डरहॅममध्ये 2013 ते 2015 या काळात तीन विद्यार्थी रात्री बाहेर पडल्यानंतर वेअर नदीत बुडाले. इंग्लंडमधली कित्येक विद्यापीठ-गावं नदीला धरून वसलेली आहेत, काठाची वाट जवळची असते, अंधारी असते आणि दगड शेवाळलेले असतात. पाणी इतकं थंड असतं की पोहता येणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत चालेनासे होतात. लांबचा उजेडाचा रस्ता घ्या. कोट घाला, दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते, आणि प्रत्यक्षात शरीराची उष्णता भराभर बाहेर जात असते.

कुणी आडवं झालं तर

डिसेंबर 2016 मध्ये न्यूकॅसलचा एक विद्यार्थी सोसायटीच्या (विद्यार्थी मंडळाच्या) ‘इनिशिएशन’च्या, म्हणजे नव्यांना पाजून सामील करून घेण्याच्या, रात्री अतिमद्यपानानं गेला. सोबतच्यांना तो झोपला आहे असं वाटलं होतं. ‘झोपू दे, सकाळी ठीक होईल’ हे वाक्य या सगळ्या विषयातलं सगळ्यात धोकादायक वाक्य आहे. माणूस निपचित पडला तरी पोटातली दारू रक्तात जातच राहते, त्यामुळे पुढचा तास आताच्यापेक्षा वाईट असू शकतो.

हलवून, हाक मारून, खांद्याला चिमटा काढून नीट प्रतिसाद येत नसेल. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल. अंग गार, ओठ निळसर किंवा राखाडी असतील. झटका आला असेल किंवा शुद्ध नसताना उलटी होत असेल, तर 999 हा आपत्कालीन क्रमांक फिरवा. यातली एक खूण पुरे. सावळ्या अंगावर रंग कळत नसेल तर ओठांच्या आतली बाजू आणि नखं बघा. घरघरणारं जड घोरणं म्हणजे गाढ झोप असं समजू नका, जीभ मागे पडून श्वासाची वाट अडत असते.

फोनवर ‘ॲम्ब्युलन्स’ म्हणा, पोस्टकोड सांगा, श्वास चालू आहे की नाही ते सांगा. काही गोळी, पावडर घेतली असेल तर तेही खरं सांगा. ते उपचारासाठी विचारतात. आपली मुलं इथे दोन भीतींमुळे अडतात. एक पैशाची: ॲम्ब्युलन्सचं बिल येत नाही, आपत्कालीन विभागातले उपचार मोफत असतात, आणि विद्यार्थी व्हिसावर तुम्ही आरोग्य अधिभार आधीच भरलेला असतो. दुसरी व्हिसाची: आजारी माणसासाठी ॲम्ब्युलन्स बोलावल्यानं व्हिसाला काहीही होत नाही.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कुशीवर वळवा. त्याच्या बाजूला गुडघे टेका. तुमच्याकडचा त्याचा हात काटकोनात बाहेर पसरा. पलीकडचा हात छातीवरून आणून तळहाताची मागची बाजू तुमच्याकडच्या गालाखाली धरा. पलीकडचा गुडघा वर दुमडा आणि तो धरून त्याला तुमच्याकडे वळवा. हनुवटी थोडी वर करा म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते आणि उलटी बाहेर पडते. जवळून हलू नका. उलटी करवण्यासाठी घशात बोटं घालू नका, पाणी-कॉफी पाजू नका, न्हाणीघरात गार पाण्याखाली धरू नका.

सकाळ

भारतातून येताना प्रत्येकाकडे औषधांची पिशवी असते, म्हणून हे लिहिणं भाग आहे. जुलाबासाठी आणलेली मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल चालू असेल तर दारू घेऊ नका, आणि कोर्स संपल्यावरही दोन-तीन दिवस थांबा. उलट्या, धडधड, अंग लाल होणं असा त्रास होऊ शकतो. सर्दीच्या गोळीतल्या क्लोरफेनिरामिननं झोप येते, दारूबरोबर ती आणखी वाढते. डोकेदुखीच्या आणि सर्दीच्या दोन्ही गोळ्यांत पुष्कळदा पॅरासिटामॉल असतं, ते नकळत जास्त जातं, पाकीट वाचा.

आता त्या लसीचं. पहिल्या पंधरा दिवसांत अर्धं होस्टेल खोकत असतं, त्याला ‘फ्रेशर्स फ्लू’ म्हणतात. त्याच गर्दीत मेंदूज्वरही पसरतो, आणि त्याची सुरुवात हँगओव्हरसारखी दिसते: डोकं फुटतंय, उलटी होतेय, उजेड नकोसा. ताप, मान आखडणं, हातपाय गार पडणं, गोंधळल्यासारखं बोलणं यांतलं काही असेल तर हँगओव्हर म्हणून दार लोटून जाऊ नका. पुरळ आलं आणि काचेचा ग्लास दाबूनही फिकट झालं नाही तर लगेच 999. पुरळाची वाट मात्र बघू नका, ते उशिरा येतं किंवा येतच नाही. आपल्या वर्णावर ते चटकन दिसत नाही, तेव्हा तळहात, तळपाय, पापणीच्या आत आणि टाळूवर बघा. रात्री आजारी वाटलेल्या फ्लॅटमेटचं दार सकाळी एकदा वाजवा, दुपारी पुन्हा वाजवा.

दुसरा आठवडा

फ्रेशर्स फेअरमध्ये शेकडो सोसायट्या टेबलं लावून बसतात. तिथे लगेच वर्गणी भरू नका. ‘गिव्ह इट अ गो’ नावाचे चाचणी वर्ग असतात, फुकट किंवा एक-दोन पौंडांत. आधी तिथे जा. टिकणाऱ्या ओळखी आम्हाला तरी अशाच ठिकाणी झालेल्या दिसतात: गिर्यारोहण, नाटक, क्रिकेटचा सराव, गायनवृंद, शनिवारी सकाळची मोफत पाच किलोमीटरची पार्करन. क्लबात तासन्‌तास शेजारी नाचलेल्या माणसाचं नावसुद्धा ऐकू आलेलं नसतं.

आपल्या मराठी मुलांचा गट पहिल्या आठवड्यात आपोआप जमतो, एकाच फ्लॅटवर बसतो, आणि आधार म्हणून ते हवंच. पण सगळ्या संध्याकाळी तिथेच गेल्या तर आपल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर परकं राहतं आणि नंतर ते आपलं करणं अवघड जातं. आठवड्यातून एकदा तिथे पोहे किंवा मसालेभात करा, जास्त करा. दारू न पिणाऱ्याला यजमान होण्याचा हा सोपा मार्ग आहे, आणि फ्लॅटमधले इतर न पिणारे त्या दिवशी बाहेर येतात. प्रत्येक फ्लॅटमध्ये एक-दोन असतातच.

बुधवारी दुपारी बहुतेक विद्यापीठांत वर्ग नसतात, कारण त्या दिवशी विद्यापीठांचे सामने असतात, आणि रात्री सगळे खेळाडू बाहेर पडतात. संघात नव्यानं आलेल्यांना पाजण्याचे ‘इनिशिएशन’चे प्रकार युनियननं बंदी घातलेले आहेत, तरी नाव बदलून होतात: ‘वेलकम ड्रिंक्स’, ‘फर्स्ट सोशल’. आपल्याकडे ज्याला रॅगिंग म्हणतो तेच हे. ओळखायची खूण अशी, की कुणीतरी दुसरा तुमचं माप ठरवतो आणि जागा आधी सांगत नाही. न गेल्यानं संघातली जागा जात नाही. गेली, तर युनियनकडे लेखी तक्रार करा, निनावी करायची सोयही बहुतेक ठिकाणी असते.

फ्लॅट अगदीच नकोसा झाला, रोज रात्री तीनपर्यंत स्वयंपाकघर गाजत असेल, तर खोली बदलून मिळते. बऱ्याच विद्यापीठांत पहिले काही आठवडे खोल्यांची अदलाबदल बंद ठेवतात, त्यानंतर अर्ज घेतात. दारूमुक्त किंवा शांत फ्लॅटही अनेक ठिकाणी असतात, ते नाव घेऊन मागावे लागतात. तोवर कोणत्या रात्री, किती वाजेपर्यंत, काय झालं याची तारीखवार नोंद ठेवा आणि रात्री अकरानंतरच्या आवाजासाठी प्रत्येक वेळी सुरक्षारक्षकाला फोन करा. निवास कार्यालय निर्णय त्या नोंदींवर घेतं.